बोल्टचे हँडल

बोल्ट ॲक्शन रायफलीच्या उजव्या अंगाला, चापाच्या थोडे वर, टोकाला गोल नॉब असलेली एक पोलादी दांडी बाहेर आलेली असते. हे बोल्टचे हँडल. नेमबाजाचा हात नळीला कधी लागत नाही, फायरिंग पिन त्याला दिसतही नाही, पण हँडलला तो प्रत्येक गोळीमागे चार वेळा हालवतो: वर उचलणे, मागे ओढणे, पुढे ढकलणे आणि खाली दाबणे. रचना दाराच्या कडीसारखीच आहे. कडीचा दांडा सरकवून फिरवला की दार बंद. बोल्ट सरकवून हँडल खाली दाबले की नळीचे मागचे तोंड बंद. फरक एवढाच की या दारामागे काडतुसातली दारू पेटते, आणि साध्या शिकारी काडतुसातही त्या क्षणी प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर तीन ते चार टनांच्या घरात दाब येतो.

हा दाब हँडल पेलत नाही. तो पेलतात बोल्टवरचे लग, म्हणजे रिसीव्हरमधल्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या मुख्य अंगामधल्या) खाचांत अडकणारे भरीव उंचवटे. जर्मन माउझर घराण्याच्या रायफलींत हे लग बोल्टच्या पुढच्या टोकाला, काडतूस बसते त्या चेंबरलगत असतात. ब्रिटिश ली-एनफिल्डमध्ये ते मागे, हँडलजवळ असतात. हँडल बदलायला निघालेल्या कारागिराच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. त्याचा संबंध पुढे येईल.

हँडलकडे तीन कामे असतात. त्यातले पहिले कुणालाही दिसते: बोल्ट फिरवून लग सोडवणे. दुसरे काम स्प्रिंगशी झुंजण्याचे. माउझर ९८ आणि तिच्यावरून निघालेल्या बहुतेक रायफलींत हँडल वर उचलतानाच फायरिंग पिनची स्प्रिंग दाबली जाते. बोल्टच्या मागच्या कडेला एक तिरपा कॅम कापलेला असतो. बोल्ट फिरला की फायरिंग पिनला जोडलेला कॉकिंग पीस त्या उतारावरून मागे ढकलला जातो. म्हणून या रायफलींचे हँडल उचलायला जड लागते. ली-एनफिल्डमध्ये स्प्रिंग दाबण्याचे काम बोल्ट पुढे ढकलताना होते. त्यामुळे तिचे हँडल हलके उचलते, आणि तेही माउझरच्या ९० अंशांऐवजी सुमारे ६० अंशांतच. पहिल्या महायुद्धाआधीच्या ब्रिटिश शिपायांना मिनिटाला १५ नेमक्या गोळ्या झाडण्याचा सराव दिला जाई. त्यामागे या छोट्या, हलक्या फेऱ्याचा मोठा वाटा होता.

तिसरे काम सर्वांत कमी माहीत असलेले, आणि हँडल बदलताना सर्वाधिक बिघडणारेही तेच. गोळी सुटल्यावर पितळी पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते. तिला सरळ मागे ओढून काढायला पुष्कळ जोर लागेल. म्हणून हँडलच्या मुळाची कड आणि रिसीव्हरच्या मागच्या पुलाची कड एकमेकींवर तिरप्या घासतील अशा घडवलेल्या असतात. हँडल उचलण्याच्या शेवटच्या टप्प्यात हा उतार संपूर्ण बोल्टला काही दशांश मिलिमीटर ते एखाद-दोन मिलिमीटर मागे सारतो. अंतर अगदी थोडे, पण तरफेचा जोर प्रचंड, आणि तेवढ्यात पुंगळी सुटते. याला प्राथमिक निष्कासन म्हणतात. हँडल मूळ जागेपासून किंचित मागे बसले तर हे उतार एकमेकांना भिडतच नाहीत. रायफल रिकामी असताना बोल्ट लोण्यासारखा चालतो आणि दोष लक्षातही येत नाही. तो कळतो गरम चेंबरमध्ये पुंगळी अडकल्यावर, म्हणजे नको त्या वेळी.

याशिवाय अनेक रचनांत हँडलचे मूळ रिसीव्हरच्या खाचेत बसते. पुढचे लग तुटलेच, तर बोल्ट मागे उडून नेमबाजाच्या चेहऱ्यावर येऊ नये यासाठी तो शेवटचा अडसर असतो. रोजच्या वापरात त्याने भार घ्यायचा नसतो. म्हणूनच खाचेची मागची भिंत आणि हँडलचे मूळ यांच्यामध्ये बारीक फट ठेवलेली असते, आणि ती फट राहणे आवश्यक असते.

हँडलचा आकार गेल्या पावणेदोनशे वर्षांत दोन कारणांनी बदलला: आधी घोडा, मग दुर्बीण. १८४१ मध्ये प्रशियाने स्वीकारलेल्या योहान निकोलाउस फॉन ड्रायझे याच्या सुई-बंदुकीत हँडल जाडजूड आणि उभे होते, आणि रिसीव्हरच्या खांद्यामागे अडकून बोल्ट बंद ठेवण्याचे कामही तेच करी. १८७१ च्या माउझर रायफलीपासून १८९८ च्या गेवेअर ९८ पर्यंत जर्मन पायदळाच्या रायफलींवर हँडल आडवे, सरळ बाहेर आलेले राहिले. सरळ हँडल घडवायला सोपे, पकडायला सोपे, आणि चिखलाने जाम झालेला बोल्ट तळहाताच्या फटक्याने उघडायलाही सोयीचे. घोडेस्वारांची गोष्ट वेगळी होती. आखूड कार्बाइन खोगिराला लटकवली की बाहेर आलेली दांडी अडकायची, म्हणून कार्बाइनींवर हँडल खाली वळवलेले असे. १९३५ मध्ये जर्मन सैन्याने स्वीकारलेल्या कारबिनर ९८के या आखूड रायफलीत हे वळवलेले हँडल सर्वच पायदळाकडे आले, आणि ते पकडता यावे म्हणून लाकडी दस्त्यात त्याखाली एक खोलगट जागा कोरली गेली.

दुर्बिणीने प्रश्न अधिक तातडीचा केला. बोल्टच्या बरोबर वर दुर्बीण बसवली की सरळ हँडल उचलताना तिच्या नळीवर आपटते. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी निवडक गेवेअर ९८ वर दुर्बिणी बसवल्या तेव्हा त्यांची हँडले खाली वळवली आणि दस्त्यात खाच कोरली. सोव्हिएत मोसिन-नागांत रायफलीचे सरळ, आखूड हँडल तर प्रसिद्धच आहे. तिच्या स्नायपर आवृत्तीवर मात्र लांब आणि वाकवलेले हँडल दिसते. जपानच्या टाइप ९७ स्नायपर रायफलीवरही तेच. १९३६ साली बाजारात आलेल्या विन्चेस्टर मॉडेल ७० मध्ये हँडल मुळातच खाली झुकलेले होते. दुर्बीण हा रायफलीचा नेहमीचा भाग होणार, हे तिच्या रचनाकारांनी वेळेत ओळखले.

दोन्ही महायुद्धांनंतर लाखो लष्करी रायफली स्वस्तात विकायला निघाल्या, आणि अमेरिकेत तर त्यांना शिकारी रूप देण्याचा एक स्वतंत्र धंदाच उभा राहिला. ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल कंपनीने ली-एनफिल्डला शिकारी दस्ते चढवून त्या विकल्या. सरळ हँडलच्या माउझर आणि मोसिनवर दुर्बीण बसवायची तर हँडल वळवणे किंवा बदलणे भागच होते. बंदूक कारागिरांच्या हातातली ही कला त्या काळातच घडली. आज हँडल बदलण्याची कारणे त्याहून वेगवेगळी आहेत. जाड हातमोजे घालून पकडता यावे म्हणून मोठा नॉब लागतो. वरच्या दुर्बिणीखालून बोटे नीट जावीत म्हणून वेगळा कोन लागतो. मोडलेली किंवा सैल झालेली जोडणी दुरुस्त करावी लागते. किंवा लांब पल्ल्याच्या स्पर्धेत हात कमी हालावा म्हणून लांब दांडी हवी असते. लांब दांडीने तरफेचा जोर वाढतो, पण नॉबला फिरायला लागणारे अंतरही वाढते. या देवघेवीचा हिशेब न करता निव्वळ मोठ्या नॉबच्या मोहाने केलेला बदल अनेकदा रायफल हाताळायला वाईट करतो.

बदल कसा करायचा हे ठरते हँडल बोल्टला कसे जोडलेले आहे यावर. माउझर ९८, ली-एनफिल्ड आणि जुन्या मॉडेल ७० मध्ये हँडल आणि बोल्ट यांच्यात सुटे करण्याजोगा सांधाच नाही. जे करायचे ते तापवून, कापून किंवा जोडून. १९६२ च्या रेमिंग्टन मॉडेल ७०० मध्ये, आणि तिच्या आधीच्या ७२१-७२२ मध्येही, हँडल स्वतंत्र घडवून बोल्टच्या गोल अंगावर झाळेने जोडलेले असते. उत्पादनाच्या दृष्टीने ही पद्धत स्वस्त आणि हुशारीची. तिचा कमकुवतपणा असा की झाळ नीट भरली नसेल आणि अडकलेली पुंगळी काढण्यासाठी कुणी हँडलवर हातोडी मारली, तर हँडल हातात येऊ शकते. १९५८ च्या सॅव्हेज ११० मध्ये हँडल हा सुटाच भाग आहे. बोल्टच्या मागचा एक मोठा स्क्रू सोडला की तो निघतो. टिका टी-३ मध्ये हँडलचे मूळ बोल्टमधल्या कोरीव खोबणीत सरकते आणि मागची फायरिंग पिनची जुळणी त्याला जागी धरून ठेवते. या दोन रायफलींवर नवे हँडल बसवणे म्हणजे बोल्ट खोलणे, भाग बदलणे आणि पुन्हा जुळवणे, एवढेच. ना आग लागते, ना कानस. बंदुकीच्या रचनेत दुरुस्तीचा विचार आधीपासून केलेला असला की पुढचे किती कष्ट वाचतात, याचे हे चांगले उदाहरण.

सर्वांत सोपा बदल नॉबचा. आजच्या अनेक रायफलींच्या दांडीच्या टोकाला आटे असतात आणि नॉब स्क्रूसारखा फिरवून काढता येतो. अमेरिकी बाजारात ५/१६ इंच व्यास आणि इंचाला २४ आटे हे माप रूढ झाले आहे. ज्या दांडीला आटे नसतात तिचा जुना गोळा लेथवर उतरवून त्या मापाचे आटे पाडतात. बोल्ट लेथमध्ये सरळ धरता येत नाही, कारण दांडी त्याला काटकोनात किंवा तिरपी असते. त्यामुळे खास धरणीशिवाय हे काम करू नये. आटे तिरपे पडले तर नॉब कायम वाकडा दिसतो.

खरे कौशल्य लागते ते अखंड बोल्टचे हँडल बदलताना. जुनी रीत वाकवण्याची होती. बोल्ट दोन जाड पोलादी ठोकळ्यांत आवळून, हँडलचे मूळ गॅसच्या ज्वाळेने लालभडक करून, हातोडीने खाली वळवायचे. काम झटपट होते, पण मूळ पातळ होते, दांडी आखूड वाटते, आणि वळणाची रेषा क्वचितच देखणी येते. म्हणून चांगले कारागीर दुसरी वाट धरतात. जुनी दांडी मुळाशी कापायची, थोडे बोंड शिल्लक ठेवायचे, आणि घडवलेले नवे हँडल योग्य कोनात धरून टीआयजी वेल्डिंगने जोडायचे. वेल्डिंगआधी दोन्ही कडा उतरत्या घासाव्या लागतात, म्हणजे धातू मध्यापर्यंत भरतो. वरवर ओतलेला वेल्ड दिसायला गुळगुळीत असतो आणि आतून पोकळ. अशा जोडीवर विसंबणे म्हणजे पुढच्या अडकलेल्या पुंगळीची वाट पाहणे. मोसिनसाठी तिसराही मार्ग प्रचलित आहे: कापलेल्या बोंडात भोक पाडून आटे पाडायचे आणि नवी दांडी स्क्रूने पक्की बसवायची. त्यात उष्णता लागत नाही हा फायदा. तोटा हा की सारा जोर त्या एका स्क्रूवर येतो.

उष्णता हा या कामातला खरा शत्रू. माउझरचा बोल्ट कमी कर्बाच्या पोलादाचा आणि वरून कठीण केलेला असतो: आत चिवट, बाहेर टणक. हे पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला टणकपणा, तापमानाने उतरते. स्वच्छ घासलेले पोलाद साधारण २२० ते २३० अंश सेल्सियसला गवती पिवळे होते आणि ३०० अंशांच्या आसपास निळे. कारागिराच्या डोळ्यांना हे रंग सूचना देतात, पण रंग दिसला तेव्हा नुकसान झालेलेच असते. चांदीची झाळ, उदाहरणार्थ ५६ टक्के चांदीचा मिश्रधातू, ६२० ते ६५० अंशांच्या दरम्यान वितळते. वेल्डिंगच्या जागी पोलाद स्वतःच वितळते. म्हणजे हँडलच्या मुळाशी एवढी आग आणि तिथून थोड्याच अंतरावर असलेले कॉकिंग कॅम व लग मात्र थंड, असे साधावे लागते. यासाठी बोल्टच्या पोकळीत आटे असलेला जाड धातूचा दांडा घट्ट बसवतात. तो उष्णता शोषतो. बाहेरून उष्णता अडवणारी लगदी लावतात, लगांवर ओली फडकी गुंडाळतात, आणि विशिष्ट तापमानाला रंग बदलणारे खडू किंवा लेप लावून खात्री करतात. वेल्ड थोडा थोडा भरायचा, मध्ये थांबायचे. लाल असताना पाण्यात बुडवण्याचा मोह टाळावा लागतो, कारण जोडाशेजारचे पोलाद ठिसूळ होऊन तडकू शकते. जुन्या झाळांत कॅडमियम असे. त्याचा धूर विषारी असतो, म्हणून जुनी जोड उकलताना हवा खेळती हवीच.

आता लगांच्या जागेचा मुद्दा. माउझरचे लग हँडलपासून दूर, बोल्टच्या दुसऱ्या टोकाला असल्याने मुळाशी लावलेली आग तिथवर पोहोचायला वेळ लागतो. धोका आधी मागच्या कॉकिंग कॅमला असतो. तो मऊ पडला तर काही शे वेळा उघडझाप होताच त्यावर खाच पडते आणि हँडल उचलताना अडखळते. ली-एनफिल्डचे लग हँडलच्या शेजारीच असतात. तिच्या हँडलला आग लावणे म्हणजे रायफलीचा मुख्य आधारच तापवणे. सुदैवाने तिचे हँडल मुळातच खाली वळलेले आहे, त्यामुळे ते कापण्याचे कारण सहसा उरत नाही, आणि तरीही ज्याला ते बदलायचेच असेल त्याला संपूर्ण दुसरा बोल्ट शोधणे शहाणपणाचे.

हँडल जोडले तरी काम अर्धेच झालेले असते. पहिली तपासणी जागेची. बोल्ट बंद करून हँडलचे मूळ आणि रिसीव्हर यांच्यातली फट पाहतात. मग हँडल हळूहळू उचलून प्राथमिक निष्कासनाच्या वेळी बोल्ट खरोखर मागे सरकतो का, ते मोजतात. रेमिंग्टनच्या धाटणीच्या रायफलींत हँडल चुकीच्या जागी झाळलेले आढळले, तर कुशल कारागीर झाळ पुन्हा वितळवून, साच्यात धरून, हँडल अर्ध्या मिलिमीटरने इकडे-तिकडे करून पुन्हा बसवतात. या दुरुस्तीला ते टाइमिंग म्हणतात आणि तिच्यासाठी वेगळे साचे बनवतात.

दुसरी तपासणी दस्त्याची. नवे हँडल खाली आले की लाकूड त्याला अडवते, म्हणून खाच कोरावी लागते. हँडल लाकडावर टेकले तर दोन वाईट गोष्टी घडतात. बोल्ट पूर्ण बंद होत नाही, आणि तो झाला तरी दस्ता बोल्टवर दाब देत राहिल्याने नेम बिघडतो. थोडी मोकळी जागा सर्व बाजूंनी हवी. लाकूड पावसाळ्यात फुगते हे ज्याने लक्षात ठेवले नाही त्याची खाच जुलैत अपुरी पडते. तिसरी बाब सुरक्षा-खटक्याची. माउझरचा खटका बोल्टच्या मागे उभा राहतो आणि खाली बसवलेल्या दुर्बिणीला अडतो. हँडल वळवणाऱ्याला बहुधा खटकाही बदलावा लागतो. शेवटी लगांवर निळी शाई लावून दोन्ही लग सारखे टेकतात का ते पाहायचे, आणि गो व नो-गो ही मापाची गेज चेंबरमध्ये घालून हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि चेंबरमधला काडतुसाचा आधार यांतले अंतर, तपासायची. हँडल बदलल्याने हेडस्पेस बदलायला नको, पण लग तापले किंवा घासले गेले असतील तर ती बदलते. या सगळ्या चाचण्या नकली काडतुसांनी होतात. खरी गोळी त्यानंतर, आणि पहिली गोळी रायफल आधारावर बांधून, दूर उभे राहून.

महाराष्ट्रात या विषयाची ओळख बहुतेकांना एनसीसीच्या मैदानावर होते. .२२ रायफल आणि .३०३ ची ली-एनफिल्ड यांच्या बोल्टवरच कॅडेटच्या पिढ्या शिकल्या, आणि .३०३ ची काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातही बनत. त्यांच्या बुडावर केएफ असा शिक्का असे. .३०३ पोलिसी आणि लष्करी वापराची असल्याने साध्या परवानाधारकाला ती मिळत नाही. म्हणून बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्याने ली-एनफिल्डच्याच धाटणीवर .३१५ ची शिकारी रायफल काढली. तिच्या बोल्टलाही मागे लग आणि खाली वळलेले हँडल आहे, आणि वर सांगितलेला उष्णतेचा इशारा तिलाही तंतोतंत लागू होतो.

स्पर्धेच्या नेमबाजीत मात्र हँडल ही रोजची, सुटी गोष्ट आहे. ५० मीटर रायफल प्रकारात .२२ ची रायफल प्रत्येक गोळीसाठी हाताने भरावी लागते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला याच अंतरावर प्रोन प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळवले, आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तीन स्थितींच्या स्पर्धेत कांस्यपदक. अशा खेळात खांद्याला टेकलेली रायफल जागची हालू न देता बोल्ट उघडायचा असतो. त्यामुळे नॉबचा आकार, वजन आणि दांडीची लांबी नेमबाज आपल्या हाताच्या मापाने निवडतो.

भारतात परवानाधारकाने हे काम घरच्या बाकावर करू नये, आणि कायदाही ते करू देत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार शस्त्राच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात, आणि शस्त्रे बनवणे, दुरुस्त करणे किंवा त्यात फेरफार करणे यासाठी कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो. रायफल बाळगण्याचा परवाना त्यासाठी पुरेसा नाही. काम परवानाधारक बंदूक कारागिराकडेच द्यावे लागते, आणि त्याची नोंद राहते.

हँडल कापण्याआधी त्यावरचा क्रमांकही वाचून घ्यावा. जर्मन माउझरवर तो हँडलच्या मुळाशी, ली-एनफिल्डवर हँडलच्या मागच्या बाजूला ठोकलेला असतो, आणि रिसीव्हरवरच्या क्रमांकाशी तो जुळत असेल तर बोल्ट त्याच रायफलीचा आहे हे कळते. युद्धोत्तर काळात हजारो माउझरांची हँडले शिकारीच्या सोयीसाठी कापली गेली आणि त्याबरोबर हा पुरावाही गेला. तशी जुळलेली, न कापलेली रायफल आज संग्राहकांच्या बाजारात कितीतरी पट मोलाची ठरते. अशा रायफलीच्या मालकाला समजूतदार कारागीर मूळ बोल्ट तेल लावून जपून ठेवायला सांगतो आणि वापरासाठी वेगळा बोल्ट घेऊन त्याचे हँडल बदलतो. दुसरा बोल्ट बसवला की हेडस्पेस नव्याने तपासावी लागते, कारण दोन बोल्टांचे लग कधीच अगदी सारखे नसतात.